लाटेवर बाण सोडणारा राजा

२०२३ च्या ऑक्टोबरात हांगचौच्या आशियाई क्रीडास्पर्धा चालू होत्या आणि आमच्या घरातला टीव्ही सकाळपासून बंद होत नव्हता. नागपूरच्या ओजस देवतळेनं तिरंदाजीतलं तिसरं सुवर्णपदक घेतलं, त्या दिवशी नातवानं विचारलं, की हे हांगचौ आहे तरी कुठे? मी नकाशा काढला, चीनचा पूर्व किनारा दाखवला आणि सांगून टाकलं, की याच गावात अकराशे वर्षांपूर्वी एका राजानं समुद्राच्या भरतीवर बाण सोडले होते. नातू हसला. कादंबऱ्या लिहिणाऱ्या आजोबांवर घरात विश्वास कोण ठेवतो?

पण हा माणूस माझ्या कल्पनेतला नाही. त्याचं नाव छियान लिऊ. चिनी रीतीप्रमाणे आडनाव आधी येतं, आणि छियान या आडनावाचा अर्थ चक्क पैसा. उभी हयात बँकेच्या खातेवह्यांत घालवलेल्या माझ्यासारख्याला हा माणूस आवडायला एवढं निमित्त पुरेसं होतं. पुढे वाचत गेलो तसं कळलं, की त्याचा हिशेब तितका सरळ नाही.

लिऊचा जन्म ८५२ सालचा, हांगचौच्या पश्चिमेकडच्या लिनआन गावातला. घरी शेती आणि मासेमारी. असं सांगतात, की जन्माच्या वेळी काही अशुभ चिन्हं दिसली म्हणून बाप पोराला विहिरीत टाकायला निघाला होता. आजीनं ते मूल हातातून काढून घेतलं. म्हणून त्याचं घरातलं नाव पडलं पोलिऊ, म्हणजे आजीनं ठेवून घेतलेला. आपल्याकडे नवसाच्या पोराचं नाव धोंडू ठेवतात, त्यातलाच हा प्रकार.

वयात आल्यावर पोरगा शेतात रमला नाही. तो चोरून मीठ विकू लागला. चीनमध्ये तेव्हा थांग घराण्याची सत्ता होती. ७५८ पासून मिठाचा मक्ता सरकारनं स्वतःकडे घेतला होता आणि खजिन्याचा मोठा भाग मिठावर चाले. आपल्याकडे १९३० साली शिरोड्याला मिठासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या, त्यामुळे मिठावरचा कर गरिबाला कसा झोंबतो हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. चोरट्या मिठाला देहदंडापर्यंत शिक्षा होती, तरी माल खपत होता. ह्वांग छाओ नावाचा दुसरा एक मीठचोर तर बंडखोरांची प्रचंड फौज घेऊन निघाला आणि ८८१ च्या आरंभी त्यानं राजधानी छांगआन जिंकली. साम्राज्य खिळखिळं झालं ते या बंडानं.

ह्वांग छाओची धाड लिनआनच्या बाजूला आली तेव्हा आपला मीठचोर दुसऱ्या बाजूला होता. दोंग छांग नावाच्या सरदाराच्या गावरक्षक पथकात तो दाखल झाला होता. लिऊनं निवडक वीस माणसं घेऊन डोंगरातल्या अरुंद वाटेवर दबा धरला आणि शत्रूची पुढची तुकडी कापून काढली. मोठी फौज मागून येणार हे ठरलेलं. जवळच्या एका जागेचं नाव होतं आठशे ली. (ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर.) वाटेवरच्या एका म्हातारीला त्यानं सांगून ठेवलं, की कुणी विचारलं तर लिनआनची फौज आठशे लीवर तळ देऊन आहे एवढंच सांग. म्हातारीनं तेच सांगितलं. शत्रूला ते गावाचं नाव आहे हे काय ठाऊक! वीस जणांनी ही गत केली, तर आठशे ली पसरलेली फौज काय करील, या धास्तीनं धाड पुढे निघून गेली.

८८७ मध्ये लिऊ हांगचौचा अधिकारी झाला. गावी त्यानं वाडा बांधला. घोडे, शिपाई असा लवाजमा घेऊन तो गावी यायचा, पण तो आला की त्याचा बाप लपून बसायचा. शेवटी एकदा लिऊ लवाजमा मागे ठेवून पायी बापाला शोधत गेला आणि कारण विचारलं. बाप म्हणाला, की आपण पिढ्यान्पिढ्या नांगर आणि जाळं धरणारी माणसं. तू आता मुलखाचा धनी झालास, तीन बाजूंनी तुला वैरी आहेत, तू लोकांशी झगडतो आहेस. या आगीत एक दिवस घर जळेल, म्हणून तुझं तोंड बघवत नाही. लिऊ रडला आणि हे लक्षात ठेवीन असं म्हणाला. मला वाटतं, पुढची सगळी कहाणी या एका भेटीत आहे.

८९५ मध्ये त्याचा धनी दोंग छांग यानं स्वतःला सम्राट म्हणवून घेतलं. लिऊनं आधी पत्र लिहून समजावलं, मग फौज घेऊन त्याच्या वेशीपर्यंत जाऊन समजावलं. दोंग छांग वरमला, पण पुन्हा त्याच वाटेला लागला. ८९६ मध्ये लिऊनं त्याचं शहर जिंकलं आणि दोंग छांगचा अंत झाला. ज्यानं हाताला धरून वर आणलं त्याचाच मुलूख लिऊच्या पदरात पडला. ही निष्ठा होती की सोय, ज्यानं त्यानं ठरवावं. बादशहानं ८९७ मध्ये त्याला सोन्याच्या अक्षरांची लोखंडी सनद दिली: त्याला स्वतःला नऊ वेळा आणि वंशजांना तीन वेळा मृत्युदंड माफ. ती सनद आज बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बँकवाल्याच्या नजरेनं पाहिलं, तर हमी मोठी आणि हमीदारच बुडीत. दहा वर्षांत थांग घराणंच संपलं.

९०७ मध्ये चू वेन या सेनापतीनं उत्तरेत सिंहासन बळकावलं. लिऊच्या पदरी लुओ यिन नावाचा फटकळ कवी होता. त्याचं म्हणणं पडलं, की या तोतया सम्राटाविरुद्ध उठावं, निदान स्वतंत्र तरी व्हावं. लिऊनं ऐकून घेतलं, कौतुक केलं आणि केलं मात्र उलट. चू वेनला मान तुकवली आणि वू-युएचं राजेपद घेतलं. शेजारचं बलाढ्य वू राज्य अंगावर येऊ नये, तर त्याच्या पाठीवर उत्तरेचा वचक हवा, हा साधा हिशेब. बापाचे शब्द तो विसरला नव्हता.

मग त्यानं तोंड वळवलं समुद्राकडे. हांगचौचा उपसागर नरसाळ्यासारखा निमुळता होत जातो, त्यामुळे भरतीचं पाणी छियानतांग नदीत भिंतीसारखं उभं राहून आत घुसतं. आज ती लाट बघायला यात्रा जमते, तेव्हा ती शेतं आणि घरं घेऊन जायची. ९१० मध्ये लिऊनं बांध घालायला घेतला, पण मातीचं काम टिकेना. तेव्हा लाटेच्या देवाला दटावण्यासाठी त्यानं तिरंदाज उभे करून पाण्यावर बाण सोडले, अशी कथा आहे. खरं काम केलं ते बांबूच्या लांब टोपल्यांनी. त्यांत दगड भरून त्या एकावर एक रचल्या आणि पुढे जाड लाकडी खुंट ठोकले. ९२७ मध्ये पश्चिम सरोवरातला गाळ आणि गवत काढायला त्यानं हजार शिपाई नेमले. सरोवर बुजवून तिथे राजवाडा बांधलास तर राज्य हजार वर्षं टिकेल, असं एका ज्योतिषानं सांगितलं होतं म्हणतात. त्यावर त्याचं उत्तर असं, की लोक या पाण्यावर जगतात, आणि हजार वर्षं कुणाचंच राज्य टिकत नाही.

इथे थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण खातेवहीला दुसरी बाजू असते. पुढच्या शतकातला इतिहासकार ओयांग श्यू लिहून गेला आहे, की या घराण्याच्या राज्यात कोंबडी, मासे, अंडी यांवरसुद्धा घरोघर जाऊन कर घेत. थकबाकीदाराला उभं करत, कारकून आपापली वही घेऊन ओळीनं उभे राहत आणि एकेका वहीतली बाकी पुकारून तेवढे फटके मारत. हा वर्णनात अतिशयोक्ती आहे असं म्हणणारेही आहेत. मला मात्र ते वाचून खेड्यातल्या शाखेतले वसुलीचे दिवस आठवले. मी कुणाच्या अंगाला हात लावला नाही, पण चावडीवर बाकी वाचून दाखवताना समोरचा माणूस खाली बघायचा. बांधाच्या टोपलीतले दगड कुणाच्या पैशानं आले, हे विसरून त्या राजाचं कौतुक करता येत नाही.

त्याला सांगणारे होते आणि तो ऐकत होता, हीही नोंद आहे. सरोवरातल्या कोळ्यांकडून तो रोज मासे वसूल करायचा. लुओ यिननं एका चित्रावर टोमणा मारणारी कविता केली, राजा हसला आणि ती वसुली बंद झाली. एका रात्री तो साध्या वेशात वेशीवर आला, तर पहारेकऱ्यानं दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या पहारेकऱ्याला बक्षीस मिळालं. राजाची उशी म्हणजे गोल लाकडी ओंडका होता. गाढ झोप लागली की डोकं घसरून जाग यावी म्हणून. तीन बाजूंना वैरी असलेल्या माणसाची ही झोप.

९३२ मध्ये, ऐंशीच्या घरात तो गेला. उत्तरेत घराणी बदलली तरी मध्यवर्ती सत्तेशी नातं तोडू नका, हा त्याचा वारसांना शेवटचा उपदेश. ९७५ मध्ये शेजारच्या राज्याची राजधानी सोंग फौजांनी वेढा घालून पाडली. ९७८ मध्ये लिऊचा नातू छियान शू यानं १३ परगणे, ८६ तालुके आणि साडेपाच लाखांवर घरं सोंग सम्राटाच्या हवाली केली. हांगचौत रक्त सांडलं नाही. नातू मात्र उत्तरेतच राहिला आणि तिकडेच वारला. चीनमधली मुलं शतकानुशतकं पाठ करत आली त्या आडनावांच्या यादीत सम्राटाच्या चाओनंतर दुसरं नाव छियान आहे.

माझ्या नातवाचा प्रश्न शेवटपर्यंत एकच होता: बाण पाण्याला लागले का? मी म्हटलं, बाण कुणालाच सापडले नाहीत. बांबू, लाकूड आणि दगड मात्र १९८३ मध्ये हांगचौत खणताना सापडले.