विमानशास्त्रज्ञ डॉ. विष्णु माधव घाटगे

ओझरच्या बाजूस गेले असता आकाशात लढाऊ विमानांची घरघर कानी पडते. तेथील कारखाना ज्या संस्थेचा आहे, तिच्या उभारणीत एका महाराष्ट्रीय गृहस्थाचा मोठा वाटा होता, हे आमच्या विद्यार्थी वाचकांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. म्हणून त्यांचे चरित्र येथे देण्याचे आम्ही योजिले आहे.

विष्णु माधव घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी गडहिंग्लजजवळील हसूरचंपू या खेड्यात झाला. उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीतील गटिंगन येथे गेले व विख्यात पंडित लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली अभ्यास करून १९३६ साली डॉक्टर झाले. या गुरूंच्या विद्येविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे. घाटग्यांच्या कार्याचे मर्म तीत आहे.

येवल्यास संक्रांतीला पतंग उडविणारा मुलगा जाणतो की, कन्नी चुकीची बांधली, तर वारा कितीही असो, पतंग चढत नाही. पतंग वाऱ्यास कोणत्या कोनाने सामोरा जातो यावर सारे अवलंबून. विमानाच्या पंखाचेही तसेच. कोन वाढवीत जावे तशी उचल वाढते. परंतु सुमारे पंधरा-सोळा अंशांपलीकडे गेले की पंखाच्या पाठीस चिकटून वाहणारी हवा सुटते, भोवरे होतात आणि उचल ढासळते. यास वैमानिक 'स्टॉल' म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी याचा संबंध नाही, जरी पुष्कळांचा तसा समज असतो. ओटो लिलिएन्थाल १८९६ साली असाच पडून मृत्यू पावला. हवा पृष्ठभागापासून का सुटते, याचा उलगडा प्रांटल यांनी १९०४ साली केला.

१९४० साली शेठ वालचंद हिराचंद यांनी बंगळूर येथे विमानांचा कारखाना काढला. (आमच्या जिल्ह्यातील रावळगावचा साखर कारखानाही त्यांचाच, तेथील गोळ्या आमच्या वाचकांच्या वडील मंडळींनी चाखल्या असतील!) डॉ. घाटगे त्या कारखान्यात दाखल झाले. १९४२ साली तेथील भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग निघाला, त्याचीही धुरा त्यांनी वाहिली. परंतु आमच्या मते त्यांची खरी कसोटी लागली ती एच. टी. २ या विमानाच्या वेळी.

हे दोन आसनांचे विमान नवशिक्यांसाठी होते. वेगवान विमान आखणे कठीण खरेच. पण ज्यात चुका होणारच अशा हातांसाठी विमान आखणे, ही जोखीम निराळी. नवशिका उतरण्यापूर्वी धावपट्टीकडे वळतो. वळण अपुरे पडते असे पाहून तो विमान अधिक कलते करतो व दांडा ओढतो. वेगदर्शकाचा काटा ठीक दिसतो. परंतु साठ अंश कलून उंची राखीत वळताना पंखांवर दुप्पट भार येतो आणि स्टॉलचा वेग सुमारे ४१ टक्क्यांनी वाढलेला असतो. जमीन जवळ असल्याने सावरण्यास अवकाश उरत नाही. वेग बदलतो, भार बदलतो, तो घातक कोन मात्र बहुतांशी तोच राहतो. तो दाखविणारे यंत्र त्या काळी लहान विमानांत सहसा नसे. अमेरिकेत ते बसविण्याचे नियम सुलभ झाले ते २०१४ साली. म्हणून शिक्षक विद्यार्थ्यास उंचावर नेऊन मुद्दाम स्टॉल करून दाखवीत. दांडा सैल लागतो, अंग थरथरते. मग नाक खाली करावे, की हवा पुन्हा पंखास धरते. घाबरलेल्या माणसास नाक खाली करणे किती अवघड वाटते, हे वैमानिकच जाणोत.

एच. टी. २ प्रथम ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. भारतीय वायुदलाच्या अनेक तरुणांनी पहिले धडे त्यात घेतले. काही विमाने घाना देशासही गेली. पुढे फ्लाइंग क्लबांसाठी पुष्पक व वायुदलासाठी किरण ही विमाने कारखान्याने काढली. डॉ. घाटगे यांस १९६५ साली पद्मश्री मिळाली व १९९१ साली ते निवर्तले.