विषय वाढला, गुरुजींचं काय?

शेतकरी बंधूंनो, अभ्यासक्रम बदलला की गावच्या गुरुजींवर नवं ओझं पडतं, हे तुम्ही पाहताच. महात्मा जोतीराव फुल्यांनी हे फार आधी ओळखलं होतं.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली; सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. मास्तराची ओढाताण त्यांनी घरातच पाहिली.

१८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी मागणी केली, की गावच्या शाळेत मोडी, बालबोध, हिशेब याबरोबर शेतीची माहिती आणि आरोग्याचे धडे द्यावेत. पण नुसता विषय वाढवून ते थांबले नाहीत. मास्तर शिकवण्यात तयार झालेला असावा, वेळ पडली तर नांगर धरणारा असावा. पगार १२ रुपयांहून कमी नको, मोठ्या गावी १५ ते २० द्यावा, असं त्यांनी सुचवलं. गावचे हिशेब तपासणं, टपाल अशी कामं सोपवून त्याचा गावात मान वाढवा, असंही मांडलं.

१८९० साली जोतीराव गेले. पण मंडळी, पुढच्या खेपेला नवा विषय आला, तर शाळा समितीत एवढं जरूर विचारा: गुरुजींची तयारी करून घेतली का?