सगळा दोष सूर्याच्या डागांचा? केरूनाना छत्र्यांच्या काळातच हा प्रश्न तपासायला घेतला होता

उल्हास नदीचं पाणी घरात घुसलं की कल्याण-डोंबिवली आणि बदलापूर पट्ट्यात एक चर्चा हमखास सुरू होते. २६ जुलै २००५ नंतर झाली. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली आणि हजारभर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं, तेव्हाही झाली. एक जण म्हणतो, हवामान बदललंय. दुसरा म्हणतो, ते तर कायमच बदलत आलंय, सूर्यावर डाग पडतात म्हणून हे होतं, कार्बन वगैरे सगळं थोतांड.

आता गंमत अशी की, सूर्याचे डाग आणि पृथ्वीवरचं हवामान यांचा संबंध काय, या प्रश्नाचा अभ्यास एका मराठी माणसाने दीडशे वर्षांपूर्वी केला होता. त्यांचं नाव केरो लक्ष्मण छत्रे. सगळे त्यांना केरूनाना म्हणायचे.

केरूनानांचा जन्म १८२५ च्या सुमारास अलिबागजवळच्या नागावचा. लहानपणीच आईवडील गेले, मग मुंबईत चुलत्यांकडे राहून शिक्षण झालं. एल्फिन्स्टन संस्थेत त्यांना बाळशास्त्री जांभेकर आणि प्राध्यापक ऑर्लेबार असे शिक्षक मिळाले. हेच ऑर्लेबार कुलाबा वेधशाळेचं काम बघत होते. त्यांनी या हुशार पोराला, मिसरूडही फुटलं नसेल अशा वयात, वेधशाळेत मदतनीस म्हणून घेतलं. जवळपास दहा वर्षं केरूनाना तिथे होते.

वेधशाळेतलं काम ऐकायला भारी वाटतं, पण ते अत्यंत कंटाळवाणं असतं. ठरलेल्या तासाला उठायचं, तापमापकाचा, वायुभारमापकाचा आणि चुंबकसुईचा आकडा बघायचा, वहीत लिहायचा. आज झोप लागली म्हणून उद्या अंदाजाने लिहिलं, असं चालत नाही. केरूनानांच्या पुढच्या सगळ्या आयुष्यावर या वहीची छाप दिसते.

पुढे ते पुण्यात आले आणि शिकवू लागले. डेक्कन कॉलेजात गणित आणि पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. टिळक त्यांचे विद्यार्थी, आणि गुरूंबद्दल त्यांना शेवटपर्यंत आदर होता. ज्ञानप्रसारक सभेपुढे केरूनानांनी हवा, भरती-ओहोटी, कालज्ञान अशा विषयांवर चक्क मराठीत निबंध वाचले. विज्ञान मराठीत सांगता येतं का, यावर आपण अजून परिसंवाद घेतो.

पण त्यांचं खरं भांडण झालं ते पंचांगावरून.

तेव्हाची पंचांगं गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून बनत. ग्रंथ उत्तमच, पण १५२० चा. गणितातली बारीकशी चूक साडेतीनशे वर्षं साठत गेली की मोठी होते. पंचांगात छापलेली ग्रहणाची वेळ आणि डोळ्यांना दिसणारं ग्रहण यांचा मेळ बसेना. केरूनानांनी युरोपातल्या नव्या वेधांवरची कोष्टकं घेऊन १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ काढला. १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या मदतीने नवं पंचांगही सुरू केलं. तेच पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखलं गेलं.

लोकांनी ते डोक्यावर घेतलं का? अजिबात नाही. सणवार पुढेमागे होतात म्हटल्यावर बहुतेकांनी जुन्यालाच धरून ठेवलं. पुढे टिळकांनी हा विषय लावून धरला. म्हणून आजही टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत संक्रांत १४ नाही, तर १० जानेवारीच्या आसपास येते.

या वादात दोन गोष्टी एकमेकांत मिसळल्या होत्या. चंद्र आत्ता आकाशात कुठे आहे, हे मोजता येतं, तिथे मताला जागा नाही. राशीचक्राची सुरुवात कुठून धरायची, हा मात्र संकेताचा प्रश्न, त्यावर विद्वान भांडू शकतात आणि भांडलेही. तापमानवाढीच्या वादातही हीच गल्लत होते. पृथ्वी किती तापली, हे मोजमापाचं काम. त्याचा खर्च कोणत्या देशाने उचलायचा, हे राजकारण. राजकारण पटत नाही म्हणून तापमापक खोटा ठरत नाही.

आता सूर्याच्या डागांकडे येऊ. हे डाग सुमारे अकरा वर्षांच्या चक्राने वाढतात आणि कमी होतात. हे चक्र १८४३ मध्ये श्वाबे या जर्मन माणसाने जगापुढे मांडलं, म्हणजे केरूनाना कुलाब्यात आकडे लिहीत होते तेव्हाच. साहजिकच, पाऊसही याच चक्रावर चालतो का, हा प्रश्न पुढे आला. केरूनानांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा तो अगदी रास्त प्रश्न होता. १८७६-७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळत असताना तर तो जीवनमरणाचा बनला. लॉकयर आणि हंटर यांनी १८७७ मध्ये मद्रासच्या पावसाचे आकडे घेऊन डाग आणि दुष्काळ यांचं नातं मांडलं. ते खरं निघालं असतं, तर पुढचा दुष्काळ कधी येणार हे आधीच कळलं असतं.

खरं निघालं नाही. भारतीय हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी १९१५ च्या सुमारास जास्त ठिकाणचे, जास्त वर्षांचे आकडे तपासले. संबंध इतका क्षीण निघाला की त्यावर पावसाचं भाकीत करता येईना. तोवर केरूनाना नव्हते, १८८४ मध्येच ते गेले. म्हणजे सूर्याचं कारण शास्त्रज्ञांनी लपवलं नाही. त्यांनीच ते मांडलं, तपासलं आणि टिकलं नाही तेव्हा बाजूला ठेवलं.

१९७८ पासून तर उपग्रह थेट सूर्याचं तेज मोजताहेत. डागांच्या चक्रात ते सुमारे ०.१ टक्का वरखाली होतं, पण चढत गेलेलं नाही. पृथ्वीचं तापमान मात्र या काळात चढतच गेलं. शिवाय सूर्यामुळे तापत असतं तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात जमिनीलगतची हवा तापतेय आणि वरचा थर थंड होतोय. उष्णता खालीच अडकतेय याची ही खूण, आणि कार्बन डायऑक्साइड ती अडकवतो हे टिंडल यांनी १८५९ मध्येच प्रयोगशाळेत मोजलं होतं. तेव्हा केरूनाना पुण्यात शिकवत होते. उद्योगयुगाआधी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे २८० च्या आसपास भाग होते, आता ते ४२० च्या वर आहेत.

मग २००५ चा पूर याच्यामुळेच आला का? एका पुरावरून असं म्हणता येत नाही. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तर कुलाब्याला जेमतेम ७३. एका शहरात इतका फरक, म्हणून एका दिवसाने ना बदल सिद्ध होतो ना खोडला जातो. त्यासाठी अनेक वर्षांच्या नोंदी लागतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ च्या नोंदी तपासल्या. मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्रही येतो, मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या पावसाच्या घटना तिप्पट झाल्याचं त्यांना दिसलं.

यावर शेवटचा आक्षेप असतो की, वेधशाळा हलवतात, आजूबाजूला शहर वाढतं, मग जुन्या आकड्यांवर विश्वास काय ठेवायचा? कुलाब्यालाही ही अडचण आली होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकसुया बिघडणार हे उघड होतं. म्हणून तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय नोंदींसाठी नवी जागा शोधली. पण कुलाब्याचं काम लगेच बंद केलं नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन्हींतला फरक नेमका कळला, म्हणून जुनी वही आणि नवी वही एकमेकींना जोडता आली. ही नवी जागा म्हणजे अलिबाग, केरूनानांच्या नागावच्या अगदी शेजारी. तिथे नोंदी आजही चालू आहेत.