डॉ. भाऊ दाजी लाड आणि मुंबईचे वस्तुसंग्रहालय

शिक्षकी पेशात असताना आम्ही विद्यार्थ्यांना भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेत असू. मुले वाघ-सिंहांकडे धाव घेत. शेजारचे वस्तुसंग्रहालय मात्र ‘अजबखाना’ म्हणून घटकाभरात उरकीत. ज्या पुरुषाच्या परिश्रमांनी ते उभे राहिले, त्याचे चरित्र मुलांना सांगावयाचे आमच्याकडून राहून गेले. ती उणीव आज भरून काढण्याचा मानस आहे.

रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजेच भाऊ दाजी, यांचा जन्म गोव्यातील मांद्रे गावी झाला. मुंबईत गरिबीत विद्याभ्यास करून १८५१ साली ते ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून उत्तीर्ण झाले. गोरगरिबांना त्यांनी मोफत औषधोपचार केले. अजिंठ्याचे व गिरनारचे प्राचीन लेख वाचण्यातही त्यांनी मोठे श्रम वेचले. जुन्या शिळेतून इतिहास वदविणाऱ्या या विद्वानास वस्तुसंग्रहाचे मोल निराळे सांगावयास नको होते.

१८५७ च्या धामधुमीत लष्करास जागा हवी म्हणून कोटातील पूर्वीचा संग्रह घाईघाईने हलविण्यात आला व पुष्कळ वस्तूंची नासधूस झाली. तेव्हा नाना शंकरशेट, भाऊ दाजी व डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी संग्रहालयास स्वतंत्र वास्तू मिळावी म्हणून लोकवर्गणीचा उद्योग आरंभिला. भाऊ समितीचे चिटणीस होते. १८६२ साली कोनशिला बसली. परंतु १८६५ साली शेअरबाजार कोसळला. अनेक धनिक धुळीस मिळाले, भाऊंचीही संपत्ती गेली; त्याच वर्षी नाना निवर्तले. रखडलेले काम अखेर सरकारी साहाय्याने तडीस गेले व २ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांस खुले झाले. पुढे दोनच वर्षांनी भाऊंनी इहलोक सोडला.

वास्तूस नाव मात्र व्हिक्टोरिया राणीचे व तिच्या पतीचे लाभले. भाऊंचे नाव तिला मिळण्यास १९७५ साल उजाडावे लागले!

वस्तुसंग्रहालय ही केवळ नवलाची जागा नव्हे. ज्यास अक्षरओळख नाही त्यालाही डोळ्यांनी शिकविणारी ती लोकशाळा आहे. कारागिराचे हस्तकौशल्य, शहराची जुनी रचना, पूर्वजांची राहणी यांचे ज्ञान तेथे सर्वांस सारखेच मिळते.

आपल्या घरांतूनही मोडी दप्तरे, पितळी समया, पूर्वजांची हत्यारे माळ्यावर पडलेली असतात. दिवाळीच्या साफसफाईत ती मोडीत वा रद्दीत जाताना आम्ही पाहिली आहेत. ज्ञातिबांधवांनी त्यांवर निदान कोणाची, कोठली, केव्हाची एवढे लिहून ठेवावे. भाऊंच्या स्मृतीस याहून उचित वंदन ते कोणते?