जमखंडीच्या मातीतला महर्षी : विठ्ठल रामजी शिंदे

आज बागलकोट जिल्ह्यात असलेलं जमखंडी हे त्या काळी एक छोटं संस्थान होतं. २३ एप्रिल १८७३ रोजी तिथल्या एका मराठा कुटुंबात विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म झाला. वडील रामजीबाबा संस्थानात नोकरीला, पंढरीचे वारकरी. घरात मराठी, गल्लीत कानडी. दोन्ही भाषा विठ्ठलच्या कानावर लहानपणापासूनच पडल्या. पुढे या दोन भाषांच्या नात्यावर त्यांनी अभ्यासपूर्ण लिखाणही केलं.

सुधारणेची सुरुवात त्यांनी घरातूनच केली. बहीण जनाक्का हिला सासरी जाच होत होता. लोक काय म्हणतील याचा विचार न करता त्यांनी तिला पुण्याला आणून शाळेत घातलं. हीच जनाक्का पुढे त्यांच्या कामाचा मोठा आधार बनली.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या मदतीने ते फर्ग्युसन कॉलेजात शिकले. प्रार्थना समाजाशी जोडले गेले. १९०१ मध्ये धर्मांच्या तौलनिक अभ्यासासाठी ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले. १९०३ मध्ये परतल्यावर चांगली नोकरी सहज मिळाली असती. पण त्यांनी तो विचारच बाजूला ठेवला आणि प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले.

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळला त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशनची पहिली शाळा उघडली. पण शाळा काढून अण्णासाहेब थांबले नाहीत. आपलं बिऱ्हाडही त्यांनी अस्पृश्यांच्या वस्तीत हलवलं. जनाक्का आणि घरची माणसं मुलांना शिकवायला, आजाऱ्यांची देखभाल करायला पुढे आली. शिवाशिव पाळायची नाही हे नुसतं भाषणात सांगणं सोपं; इथे तर रोजचं जेवणखाणच एकत्र होतं. हळूहळू पुणे, हुबळी अशा ठिकाणी मिशनच्या शाखा निघाल्या.

१९१७ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये अस्पृश्यतेविरुद्ध ठराव झाला, त्यामागे शिंदे यांचा पाठपुरावा होता. पुढच्याच वर्षी मुंबईत सयाजीरावांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यता निवारण परिषद भरली. लोकमान्य टिळक तिथे अस्पृश्यतेविरुद्ध बोलले, पण जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली नाही. एवढ्या मोठ्या माणसाचा हात सहीपाशी अडतो, तर गावोगावी काय अवस्था असेल, हे त्यावरून कळतं.

पुढचा काळ मात्र अवघड गेला. सनातनी तर विरोधात होतेच. त्यात संस्थेचा कारभार अस्पृश्य समाजाच्याच हाती हवा, अशी मागणी सुरू झाली. ज्यांच्यासाठी आयुष्य घातलं, त्यांच्याच मनात परकेपणा आला होता. १९२३ मध्ये शिंदे मिशनमधून बाजूला झाले. स्वतः उभी केलेली संस्था सोडताना मनाला किती लागलं असेल! पण संस्था सुटली तरी काम सुटलं नाही.

ते ब्राह्मो समाजाच्या कामासाठी मंगळूरला गेले. १९३० च्या सत्याग्रहात त्यांनी येरवड्याचा तुरुंग भोगला. १९३३ मध्ये त्यांचा 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

जमखंडीचा हा मुलगा आज सीमेच्या दोन्ही बाजूंचा आहे. त्यांना महर्षी म्हणणारे पुष्कळ भेटतात. वस्तीत बिऱ्हाड हलवणारे मात्र तेव्हाही थोडेच होते.