भास्कराचार्य : बीजगणित आणि पाटणचा मठ

मराठीच्या अभ्यासक्रमात एका गणितज्ञाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. वलगाव येथे माझ्याकडे येणाऱ्या, गणिताच्या पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने मला याच्या उलट प्रश्न विचारला होता. ती ‘वलय सिद्धान्त’ शिकत होती आणि या विषयाचा आपल्या भूमीशी काही संबंध आहे काय, हे तिला जाणून घ्यायचे होते. दोन्ही प्रश्नांचा विचार भास्कराचार्यांच्या चरित्रापाशी येऊन थांबतो.

भास्कराचार्यांचा जन्म शके 1036 मध्ये, म्हणजे इ. स. 1114 साली झाला. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडवीड हे आपले गाव असल्याचे त्यांनी स्वतः नोंदविले आहे. त्याच्या स्थाननिश्चितीविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, 1150 साली, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग होत. सूत्र सांगून न थांबता त्याची उपपत्ती द्यावी, हा त्यांचा आग्रह होता. लीलावती ही त्यांची कन्या होती, ही कथा मात्र 1587 मधील फैजीच्या फारसी भाषांतरातून प्रसृत झाली; तिला समकालीन आधार नाही.

आता वलयाकडे वळू. ज्या संचात बेरीज, वजाबाकी व गुणाकार केले असता उत्तर त्याच संचात राहते आणि या क्रिया ठरावीक नियम पाळतात, त्यास स्थूलमानाने वलय म्हणतात. पूर्णांक हे त्याचे परिचित उदाहरण. भास्कराचार्यांपुढील प्रश्न असा होता : एका वर्गाला दिलेल्या संख्येने गुणून त्यात 1 मिळविला असता पुन्हा वर्गच यावा. दिलेली संख्या 2 असेल, तर 2 चा वर्ग 4, त्याची दुप्पट 8, अधिक 1 म्हणजे 9. हा 3 चा वर्ग. ब्रह्मगुप्तांच्या ‘भावना’ या रीतीने 3 व 2 ही जोडी स्वतःशीच जोडली की 17 व 12 ही नवी जोडी मिळते. 289 आणि 288 मध्ये पुन्हा एकाचेच अंतर. आजच्या परिभाषेत हा पूर्णांक आणि 2 चे वर्गमूळ यांपासून बनलेल्या वलयातील गुणाकार होय.

जयदेवांनी आधीच हाताळलेली ‘चक्रवाल’ रीत भास्कराचार्यांनी सुस्पष्ट मांडली आणि 61 या संख्येसाठी 226153980 व 1766319049 ही उत्तरे दिली. 1657 साली फर्मा यांनी युरोपातील गणितज्ञांना हाच प्रश्न घातला. तथापि भास्कराचार्यांना वलय सिद्धान्त ठाऊक होता, असे म्हणणे अनुचित ठरेल. ही संज्ञा हिल्बर्ट यांनी 1897 साली योजली आणि तिच्या व्यापक सिद्धान्ताला एमी नोएथर यांनी 1921 मध्ये आकार दिला. भास्कराचार्यांना उदाहरण गवसले होते. अमूर्त संकल्पना नंतरची आहे. पूर्वजांचा खरा गौरव अशा तारतम्यानेच होतो.

1183 मध्ये, एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला. त्यानंतर या विद्येचे काय झाले? बडनेऱ्याहून मुंबईकडे जाताना चाळीसगाव लागते. त्याच्या जवळच पाटण आहे. तेथील, भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणलेला शिलालेख सांगतो, की सिंघण यादवाच्या ज्योतिष्यांपैकी प्रमुख असलेले त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी तेथे मठ स्थापन केला. लेखातील वंशवर्णन व प्रशस्ती संस्कृतात आहे. परंतु मठाच्या उत्पन्नाची व्यवस्था सांगताना लेख मराठीकडे वळतो. ग्राहकांकडून पाच पोफळी, प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल, अशा त्या तरतुदी आहेत. मराठीच्या आरंभकालीन लेखांत त्यास महत्त्वाचे स्थान आहे.

मित्रहो, येथे दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकत्र येतात. विद्या संस्कृतात होती. तिचा दिवा तेवत ठेवणारे तेल मराठी बोलणाऱ्यांच्या घाण्यावरचे होते. ज्यांनी तो भार उचलला, त्यांच्या भाषेत मात्र ते गणित दीर्घकाळ फारसे उतरले नाही. नोकरी आणि संसार सांभाळून आपण ही पुस्तिका मराठीत वाचत आहात. ती दीर्घकालीन उणीव भरून काढण्याच्या कार्यात आपलाही वाटा आहे.

स्वाध्याय : एकाच शिलालेखात दोन भाषांची योजना का झाली असावी, याविषयी आपले मत दहा ओळींत लिहा.