बॅरिस्टर वानखेडे आणि हक्काचे मैदान

गहुंजे येथे आंतरराष्ट्रीय सामना असला की आमच्या चिखली परिसरातील विद्यार्थ्यांची तिकिटांसाठी धावपळ सुरू होते. ती पाहिली की मला हटकून बॅरिस्टर शेषराव वानखेडे आठवतात. पुण्यातील असे सामने पूर्वी महापालिकेच्या नेहरू स्टेडियमवर होत. तिकिटांच्या वाटपावरून खटके उडाले आणि महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे स्वतःचे मैदान २०१२ साली द्रुतगती मार्गालगत खुले झाले. मुंबईत हेच नाट्य जवळजवळ चार दशके आधी घडून गेले होते आणि त्याचा नायक होता एक वैदर्भीय राजकारणी.

वानखेडे यांचा जन्म १९१४ चा. नागपूरचे महापौरपद, राज्याचे अर्थखाते आणि १९७२ ते १९७७ या काळात विधानसभेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. मुंबई क्रिकेट संघटनेची धुराही दीर्घकाळ त्यांच्याकडेच होती. संघटनेची अडचण अशी की, यजमानपणाचा मान तिचा. घर मात्र दुसऱ्याचे! १९३७ साली उभे राहिलेले ब्रेबर्न स्टेडियम हे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे. क्लबच्या सभासदांच्या राखीव जागा वगळून जे उरेल त्यावर संघटनेने आपल्या संलग्न क्लबांची बोळवण करावयाची. त्यात काही आमदारांना तेथे एक सामना भरवावयाचा होता आणि ती विनंती क्लबचे अध्यक्ष विजय मर्चंट यांनी धुडकावली, असे सांगतात. मर्चंट हे थोर फलंदाज खरे, परंतु त्या नकाराची किंमत क्लबला फार मोठी पडली.

वानखेडे यांनी चर्चगेटजवळ, रेल्वेमार्गालगत, भाडेपट्ट्याच्या सरकारी जमिनीवर नवे स्टेडियम उभारण्याचा निर्धार केला. शशी प्रभू या तरुण वास्तुविशारदाने सुमारे तेरा महिन्यांत ते उभे केले. २३ जानेवारी १९७५ रोजी वेस्ट इंडीजविरुद्धचा कसोटी सामना तेथे सुरू झाला. क्लाइव्ह लॉईडने नाबाद २४२ धावा केल्या. त्याचे अभिनंदन करण्यास धावलेल्या एका प्रेक्षकाला पोलिसांनी बदडले आणि त्यावरून दंगल उसळली. भारत तो सामना २०१ धावांनी हरला.

अर्थशास्त्राच्या शिक्षकाला या कथेत काही गोष्टी खटकतात. एका मैदानापासून हाकेच्या अंतरावर दुसरे उभारणे ही भांडवलाची उधळपट्टीच नव्हे काय? विधानसभेचा अध्यक्ष आणि सरकारी जमिनीवर बांधणाऱ्या संघटनेचा अध्यक्ष एकच असावा, आणि त्या वास्तूला त्याच्या हयातीतच त्याचे नाव द्यावे, हेही औचित्याला धरून नव्हते. तथापि परक्याच्या दारात दरवर्षी तिकिटांसाठी उभे राहणाऱ्या संस्थेला सौदा करण्याची ताकदच उरत नाही, हे या माजी अर्थमंत्र्याने अचूक हेरले होते. सामान्य प्रेक्षकाच्या पदरात त्यातून किती पडले, हा प्रश्न वेगळा. तिकिटे वाटणारा हात बदलला; त्याची रांग काही संपली नाही.

पुढे १९८० ते १९८२ या काळात वानखेडे भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले. १९८८ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. ब्रेबर्नवर मात्र १९७३ नंतर छत्तीस वर्षे कसोटी सामना झाला नाही. तो झाला डिसेंबर २००९ मध्ये, श्रीलंकेविरुद्ध. विश्वचषक स्पर्धेसाठी वानखेडे स्टेडियमची पुनर्बांधणी चालू होती, म्हणून पुन्हा जुन्या घरमालकाचे दार ठोठवावे लागले.